संजयाचे काम

डोळसाने अंध श्रोत्यास चित्राचे वर्णन सांगताना कोणाशी प्रामाणिक राहावे? हा जुनाच प्रश्न संकेतस्थळांनी नव्याने पुढे आणिला आहे. तेथील प्रत्येक चित्रामागे वर्णनाची एक ओळ लिहिण्याची सोय असते. ती एरवी दिसत नाही. परंतु दृष्टिहीनाच्या संगणकातील वाचक-प्रणाली ती त्यास मोठ्याने वाचून दाखविते, आणि गूगलसारखी शोधयंत्रेही चित्र ओळखण्यास तिचा आधार घेतात. एका ओळीस असे दोन श्रोते लाभले, आणि तेथेच मोह उत्पन्न झाला.

समजा, जालना जिल्ह्यातील जांब ह्या समर्थ रामदासांच्या जन्मगावी असलेल्या मंदिराचे छायाचित्र कोणी प्रसिद्ध केले आणि त्यामागे 'जालना पर्यटन, जालना मंदिर, जालना हॉटेल' अशी शब्दांची माळ ओवली. हेतू एवढाच की, शोधणाऱ्यास आपले पान आधी सापडावे. दृष्टिहीन भाविकाच्या कानी मात्र मंदिराऐवजी बाजाराचा गलबला पडतो. वस्तुतः गूगलच्या सूचनांतही असा शब्दांचा भरणा वर्ज्यच सांगितला आहे. म्हणजे ह्या लबाडीत व्यवहारही साधत नाही.

कोणी म्हणेल, वर्णन करणारा निवड करणारच. मग निर्भेळ सत्य कोठले? आक्षेप रास्त आहे. ह्याच जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला. त्या रणाच्या चित्रामागे 'इंग्रजांचा पराक्रम' लिहावे, की 'मराठ्यांचे दुर्दैव'? आमच्या मते दोन्ही नको. लढाईचे नाव सांगावे, आणि तोफा कोठे, स्वार कोणीकडे वळले, कोण पडले आहे, हे चित्रात दिसते तेवढे सांगावे. अभिप्राय श्रोत्याचा त्यास बनवू द्यावा. चित्र केवळ शोभेची वेलबुट्टी असेल, तर ती ओळ मोकळी सोडणे हेच सौजन्य होय.

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर त्यांना सुगम करण्याची जबाबदारी शासनावर टाकिली आहे. परंतु ओळ आहे की नाही एवढे कायदा तपासील. ती मनापासून लिहिली की नाही, हे कोण तपासणार? ज्यास आपले बोलणे डोळ्यांनी पडताळून पाहता येत नाही, त्याच्यापुढेच आपल्या सत्यनिष्ठेची परीक्षा होते. धृतराष्ट्रास पुत्रांचा जय ऐकावयाचा होता. संजयाने त्यास घडले तेच सांगितले. घरच्या समारंभाचे छायाचित्र चारचौघांत धाडतानाही आमच्या वाचकांनी तेवढे करावे.