गोफणीचा दगड आणि चंद्र

🙏 *॥ जय गुरुदेव ॥* 🙏

*साप्ताहिक चिंतन : खजुरी मुक्कामीचा सत्संग*

आरतीनंतर चौथीतल्या एका लेकराने विचारलं, "महाराज, वर फेकलेला दगड खालीच का येतो?" मागून त्याची आज्जी म्हणाली, "गप की रे, देवाची करणी हाय ती."

महाराज हसले. "आज्जी, करणी देवाचीच. पण ती *कशी* आहे हे विचारणं म्हणजेही देवाचं नाव घेणंच. विचारू द्या त्याला."

*पहिली पायरी.* महाराजांनी वहीचे दोन सारखे कागद मागितले. एकाचा घट्ट बोळा केला, दुसरा तसाच ठेवला, आणि दोन्ही एकदम सोडले. बोळा सरळ खाली, कागद मात्र तरंगत तरंगत. "वजन तर दोघांचं सारखंच. मग उशीर कुणी केला?" लेकरू म्हणालं, "हवेने!" मग एक मोठा दगड आणि एक खडा एकदम सोडला. दोन्ही बरोबरच पडले. "जड वस्तू आधी पडते असं आपण जन्मभर धरून चाललो, पण सोडून कुणी बघितलं?" 1971 साली चंद्रावर, जिथे हवाच नाही, तिथे एका अंतराळवीराने हातोडा आणि पीस एकदम सोडलं. तीही बरोबरच पडली.

*दुसरी पायरी.* "खाली म्हणजे कुठं रे?" लेकराने पायाकडे बोट दाखवलं. "पृथ्वी तर गोल आहे. आपल्या बरोबर पलीकडच्या बाजूच्या माणसाची 'खाली' आपल्या उलट. तरी त्याचाही दगड जमिनीवरच येतो. म्हणजे 'खाली' ही दिशा नव्हे, *पृथ्वीची ओढ* आहे."

तेव्हा आज्जींनीच विचारलं, "मग पृथ्वी शेषाच्या डोक्यावर न्हाई व्हय?" महाराज म्हणाले, "हाच विचार भास्कराचार्यांनी 1150 साली 'सिद्धान्तशिरोमणी'त केला. पृथ्वीला कुणी धरलं म्हणावं, तर त्या धरणाऱ्याला कोण धरतं? मग त्याला कोण? शेवटी कुठंतरी 'हा स्वतःच्या बळावर आहे' म्हणावंच लागतं. मग ते पृथ्वीलाच का म्हणू नये? तीच जड वस्तूंना आपल्याकडे ओढते. आणि आकाश तर चहूबाजूंनी सारखंच, मग ती स्वतः पडणार कुठं? आज्जी, कथा भक्तीसाठी आहे, ती ठेवा. पण हिशेब कथेवर मांडू नका."

*तिसरी पायरी.* "ज्वारी राखताना माळ्यावरून गोफण फिरवली की दगड जातो पुढं, पण वाकत वाकत खाली येतो. जोर वाढवला की लांब पडतो. आता समजा हवा नाही आणि जोर इतका, की दगड जेवढा खाली येईल तेवढीच जमीनही गोलाईने खाली वळत जाईल. मग तो पडेल कधी?" सगळे गप्प. लेकरू हळूच म्हणालं, "फिरतच राहील."

"बाळा, *चंद्र तसाच आहे.* तो सारखा पडतोय, पण पुढंही चाललाय, म्हणून जमिनीला लागत नाही. आपल्या हातातून सुटलेला दगड पहिल्या सेकंदात साधारण 16 फूट खाली येतो. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून आपल्यापेक्षा 60 पट दूर. अंतर दुप्पट झालं की ओढ चौथाई होते, म्हणून 60 पटीला ती 60 गुणिले 60, म्हणजे 3600 पट कमी. चंद्र एका सेकंदात पृथ्वीकडे वळतो तो दीड मिलिमीटरपेक्षाही कमी. हिशेब जुळतो! न्यूटनने 1687 साली हा मेळ ग्रंथात मांडला. गोफणीचा दगड आणि चंद्र, दोघांना एकच नियम. आणि ओढ एकतर्फी नाही. दगडही पृथ्वीला तेवढंच ओढतो."

मग महाराज जरा गंभीर झाले. "परवा आपल्याच ग्रुपवर आलं, 'न्यूटनने आपल्या ग्रंथातून चोरलं.' शंभर जणांनी हात जोडले आणि पुढं पाठवलं. बघितलं कुणी? भास्कराचार्यांनी पृथ्वीची ओढ सांगितली, हे खरं आणि मोठं आहे. चंद्राचा हिशेब आणि प्रत्येक वस्तू प्रत्येकीला ओढते हा नियम न्यूटनचा, हेही खरं. आपल्या पूर्वजाच्या गळ्यात खोटी माळ घातली, तर त्याच्या खऱ्या माळेवरही लोक शंका घेतात. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी *मठ* काढला. चाळीसगावजवळच्या पाटण गावी त्याचा शिलालेख आहे. मठ असा असतो. मी सांगतो म्हणूनसुद्धा मानू नका, घरी कागद सोडून बघा."

🌸 *या आठवड्याचा नेम :* घरातलं लेकरू "का?" म्हणालं की "गप" म्हणायचं नाही. उत्तर येत नसेल तर सरळ म्हणायचं, "मला माहीत नाही, चल बघू." आणि खात्री केल्याशिवाय काहीही पुढं पाठवायचं नाही.

निघताना आज्जी अंगणात थांबल्या. वर चंद्र होता. नातवाला म्हणाल्या, "पडतोय म्हणतोस व्हय रे? सांग बघू पुन्हा एकदा, नीट."

🙏 *॥ जय गुरुदेव ॥* 🙏