बाळाचें वजन : हिशेब कोणाचा?

धरणगांव हें खानदेशांतील कापसाच्या व्यापाराचें जुनें गांव. तेथील शेतकऱ्यास तराजूची ओळख करून द्यावी लागत नाहीं. वजनावर मालाचे पैसे ठरतात, हें तो लहानपणापासून पाहत आलेला असतो. पण त्याच्या घरीं मूल जन्मलें आणि तें तोललें, म्हणजे तो आंकडा कोणाविषयीं काय सांगतो, याचा विचार आपल्या मंडळ्यांतून क्वचितच होतो. मूल अडीच किलोंच्या आंत भरलें, कीं सासू सुनेकडे रोखून पाहते, शेजारणी कुजबुजतात, आणि मालाचा भाव पडावा तशी त्या बाळंतिणीची किंमत घरांत उतरते. हा न्याय आहे काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें मांडतों.

प्रथम वाढीचा नियम पाहूं. निरोगी व पूर्ण दिवसांच्या मुलाचेंही वजन पहिल्या तीन-चार दिवसांत थोडें घटतें, कारण अंगांतील जास्तीचें पाणी निघून जातें. ही घट शेंकडा दहाच्या आंत असली व मूल नीट पीत असलें, तर ती सुमारें दोन आठवड्यांत भरून येते. पुढें पहिले कांहीं महिने बाळ दररोज सुमारें 20 ते 30 ग्रॅम वाढतें. पांचव्या महिन्याच्या सुमारास त्याचें वजन जन्मवेळच्या दुप्पट व वर्षाअखेर तिप्पट होतें. जन्मतः सुमारें 50 सेंटिमीटर लांब असलेलें मूल वर्षानें सुमारें 75 सेंटिमीटर होतें.

पांचवी व सटी पुजण्याचे दिवस आणि ही घट दिसण्याचे दिवस बहुधा एकच पडतात. म्हणून जो सृष्टीचा नियम, त्याला लोक दृष्ट म्हणतात, किंवा सटवाईनें कपाळीं असेंच लिहिलें म्हणून स्वस्थ बसतात. कोणी मध चाटवितें, कोणी गुळाचें पाणी वा घुटी पाजतें. आणि रोगापासून राखणारा पहिला पिवळसर चीक मात्र पिळून टाकितात. मूल पिईनासें झालें, सुस्त पडलें किंवा घट फार झाली, तर त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें. एरवीं आईचें दूध व ऊब हेच उपाय पुरेसे होत.

कित्येक म्हणतात, "आमच्या कुळींचीं मुलें लहानखोरच." हें म्हणणें तपासलें गेलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें 1997 ते 2003 या काळांत भारत, ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील मुलांची वाढ मोजली. ज्यांस आईचें दूध, पुरेसें अन्न व निरोगी घर मिळालें होतें, अशीं मुलें निवडलीं होतीं. पांच वर्षांपर्यंत त्यांच्या उंचीची वाढ देशोदेशीं जवळजवळ सारखीच आढळली, आणि त्यावरूनच 2006 सालीं वाढीचीं मापें ठरलीं. तेव्हां एकेक मूल लहानमोठें असेल; पण गांवच्या गांव हलकीं मुलें जन्मतात, त्याचा दोष रक्तावर ढकलतां येत नाहीं.

मग दोष कशाचा? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात मुलांचें सरासरी वजन 2.7 किलो भरलें. इंग्लंडांतील साउदॅम्प्टन येथील मुलांचें 3.5 किलो होतें. ज्या स्त्रियांच्या खाण्यांत पालेभाजी व फळें वारंवार असत, त्यांचीं मुलें अधिक भरलेलीं होतीं. ज्यांना शेतांत व घरांत कष्ट फार, त्यांचीं हलकीं. आतां विचारूं या : पालेभाजी कोणाच्या ताटांत आधीं पडते? सर्वांच्या मागून, उरलेलें कोण खातें? सातवा महिना लागला तरी कापूस वेचावयास व पाणी भरावयास कोणास पाठविलें जातें? हे निर्णय बहुतेक घरांत सून करीत नाहीं. ज्यानें निर्णय केला, त्यानेंच जबाब द्यावा, हा साधा न्याय आहे.

यावर कोणी म्हणेल, आईस कांहींच कर्तव्य नाहीं काय? आहे. जन्मानंतर तासाभरांत मुलास पाजणें, सहा महिने आपल्या दुधावांचून दुसरें कांहीं न देणें, हें तिचें काम. पण साधन न देतां कर्तव्य सांगणें म्हणजे केवळ दूषण देणें होय. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 39 गांवांत खेड्यांतल्याच स्त्रियांना शिकवून घरोघर पाठविलें. हजार जन्मांमागें पहिल्या महिन्यांत 62 बालकें दगावत. 1997-98 पर्यंत तो आंकडा सुमारें 25 वर आला. 2011 पासून देशभर आशा कार्यकर्ती बेचाळिसाव्या दिवसापर्यंत नवजात बाळाच्या घरीं जाऊं लागली. ओझें वांटून घेतलें, कीं तीच आई तेंच मूल वांचवूं शकते.

यास्तव उपदेशक बंधूंस व वडील मंडळीस आमची विनंति, कीं बाळाचें वजन शेजारच्या मुलाशीं ताडून पाहूं नये. त्याच्याच मागल्या वजनाशीं ताडावें. तें कमी भरलें, तर आईस बोल लावण्यापूर्वीं घरधन्यानें तिचें ताट पाहावें, तिच्या डोक्यावरील हंडा आपण उचलावा, आणि सासूनें तिला आपल्याआधीं जेवूं घालावें. तराजूंत मूल असलें, तरी जोखलें जातें तें सारें घर.