चुकवणे आणि चुकते करणे

आपण खिसेकापूला चोर म्हणतो, वळणीवरचे धोतर उचलणाऱ्यालाही चोर म्हणतो. पण लाखांची मिळकत दडवणारा गृहस्थ आपल्या बोलीत ‘हुशार’ ठरतो. मौज अशी की, कर ‘चुकवणे’ आणि देणे ‘चुकते करणे’ हे दोन्ही शब्द एकाच घरचे आहेत. एकाने पाठ दाखवायची, दुसऱ्याने हिशेब मिटवायचा.

कायदा मात्र आणखी एक बारकावा करतो. मिळकत लपवणे हा गुन्हा. कायद्याने ठेवलेल्या वाटेने कराचा भार हलका करणे हा गुन्हा नव्हे. ही टाळाटाळ नीतीच्या तराजूत कोठे बसवायची?

बारामती-इंदापूरकडच्या माणसाला हा प्रश्न पाटाच्या पाण्यावरून चटकन कळेल. १८८० च्या दशकात बांधलेला नीरा डावा कालवा आधी बारामती तालुक्यातून जातो, मग इंदापुरात. सात नंबरचा अर्ज भरून, पाणीपट्टी देऊन, पाळीची वाट पाहणारा एक शेतकरी. रात्री पाटात पाइप सोडणारा दुसरा. आणि तिसरा? तो कालव्यापासून कायद्याचे अंतर राखून विहीर खणतो. विहीर त्याची, जमीन त्याची. पण झिरपून येणारे पाणी पाटाचेच. दुसऱ्याला चोर म्हणणे सोपे आहे. तिसऱ्याशी बोलताना आपली जीभ अडखळते, कारण आपल्यालाही जमले असते तर आपणही तीच विहीर खणली असती.

शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर नाही, ही सवलत १८८६ च्या कायद्यापासून चालत आलेली आहे. पाऊस, रोग आणि बाजारभाव यांच्या तडाख्यात सापडणाऱ्या शेतकऱ्याला ती असावी, याबद्दल माझे दुमत नाही. १९७२ मध्ये के. एन. राज यांच्या समितीने मोठ्या जमीनधारणेवर कर बसवण्याची शिफारस केली. ती अमलात आली नाही. पण सवलतीच्या या दारातून नांगराला हात न लावलेले लोकही आत शिरतात. सातबाऱ्यावर दोन एकर, आणि व्यापारातला पैसा डाळिंबाच्या नावावर! महालेखापालांनी २०१९ च्या अहवालात तपासलेल्या प्रकरणांपैकी २२ टक्क्यांहून अधिक ठिकाणी पुरेशी कागदपत्रे न पाहताच शेती-उत्पन्नाची सूट मान्य झाली होती. ही विहीर नव्हे, हा पाइपच.

याउलट सहकारी साखर कारखान्यांचे प्रकरण पाहा. कारखान्यांनी सरकारने ठरवलेल्या किमान दरापेक्षा सभासदांना उसाचा दर अधिक दिला. प्राप्तिकर खाते म्हणाले, हा जास्तीचा पैसा म्हणजे खर्च नव्हे, नफ्याची वाटणी. त्यावर कर भरा. कारखाने म्हणाले, ऊस त्यांचा, दर त्यांना. शेतकऱ्याच्या हाती पडले की ते शेतीचे उत्पन्न, म्हणजे तेथेही कर नाही. वर्षानुवर्षे दावे चालले. २०१९ मध्ये तासगाव कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सगळा फरक नफा धरता येणार नाही. त्यात नफ्याचा अंश किती, ते तपासा. अखेर २०२३ च्या अर्थसंकल्पात जुन्या वर्षांचा तिढा सुटला आणि सुमारे १० हजार कोटी रुपयांचा दिलासा जाहीर झाला. येथे कोणी काही लपवले नव्हते. दर तर गावच्या पारावर चर्चेला असतो. माझ्या मते उघड्यावर भांडून मिळवलेली सूट आणि वहीत पुरून ठेवलेली मिळकत यांत हाच खरा भेद आहे. पहिलीला उत्तर देता येते.

आता आम्हा मास्तरांचे. आमचा कर पगार हातात येण्यापूर्वीच कापला जातो, आणि मग आम्ही प्रामाणिकपणावर वर्गात व्याख्यान देतो! १९७२ मध्ये ॲलिंगहॅम आणि सँडमो या अर्थशास्त्रज्ञांनी असे गणित मांडले की, पकडले जाण्याचा संभव आणि होणारा दंड यांचा मेळ घालून माणूस कर भरायचा की नाही ते ठरवतो. पुढे डेन्मार्कमध्ये ४० हजारांवर करदात्यांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. जी मिळकत मालक किंवा बँक परस्पर सरकारला कळवते, तीत लबाडी जवळजवळ नाही. जी आपली आपण सांगायची, तीत पुष्कळ. म्हणजे पगारदाराचे पुण्य बरेचसे कारकुनाचे पुण्य आहे. तथापि त्यावरून सगळेच मनातून चोर, असे मी म्हणणार नाही. मध्यरात्री पाटावर राखण नसतानाही पाइप न टाकणारी माणसे नीरेच्या काठी आहेत. त्यांना विचारले तर ती कायद्याचे नाव घेत नाहीत. ‘खालच्याचं पीक जळंल की,’ एवढेच म्हणतात.

खालचा म्हणजे इंदापूरकडचा, टेलचा शेतकरी. पाळी आली आणि चारी कोरडी राहिली, तर वर कोणाचे इंजिन चालू होते हे त्याला बहुधा ठाऊक असते. तो भांडायला जाऊ शकतो. कराचे पाणी वर तुटले, तर कोरडा कोण राहिला हे सांगणारा पाटकरी नाही. सरकारी दवाखान्यात औषध नाही म्हणून रिकाम्या हाताने परतणारा रोगी सरकारला चार शिव्या देतो, आणि वाटेत तो हुशार गृहस्थ भेटला तर त्याला अदबीने रामराम घालतो.