शाळा कोणाची?

पोशीर परिसरातील वाड्यांवर जाताना एक प्रश्न आम्हाला सतावतो: गावच्या शाळेचे भवितव्य ठरवावे कोणी? १९६२ पासून ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार बव्हंशी जिल्हा परिषदेकडे आहे. २०२३ मध्ये शासनाने वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' उभारण्याची कल्पना मांडली. दूरच्या कचेरीला पट दिसतो. पावसाळ्यात ओहोळ ओलांडणारी सहा वर्षांची पोर दिसत नाही. लहान समूहाला जे साधते ते मोठ्याने काढून घेणे अन्यायाचे आहे, अशी शिकवण पोप अकरावे पायस ह्यांनी १९३१ च्या विश्वपत्रात दिली.

मग सारा कारभार गावाकडे सोपवावा काय? येथे आम्ही बिचकतो. गाव म्हणजे तरी कोण? वीटभट्टीवर गेलेला कातकरी बाप सभेला कोठून येणार? शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत, दुर्बलांना प्रमाणशीर स्थान असावे, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. कागद उत्तम आहे! परंतु अंगठा उमटविणे वेगळे, बोलणे वेगळे. जवळची सत्ताही निष्ठुर होऊ शकते. तेव्हा शिक्षकांची नेमणूक व वेतन जिल्ह्याकडेच राहो. शाळा बंद करण्याचा निर्णय मात्र त्या बापाला विचारल्यावाचून होऊ नये. त्यासाठी सभा भट्टीवर भरवावी लागली तरी बेहत्तर.