साधन आणि साक्ष

साधन हीन असले म्हणजे त्याची साक्षही हीन ठरते काय, हा प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

३ फेब्रुवारी २००६ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील अंतराळवीरांनी वापरातून गेलेला एक रशियन अवकाशपोशाख घेतला, त्यात जुने कपडे भरले, एक रेडिओयंत्र बसविले आणि तो अंतराळात सोडून दिला. आतील उष्णतामान किती व विजेचा साठा किती, हे तो पृथ्वीवरील हौशी श्रोत्यांस सांगे. त्याचा आवाज क्षीण होता व लवकरच थांबला. सप्टेंबरात तो वातावरणात जळून गेला. अडगळीतून घडलेल्या या उपग्रहास कोणी हसले तर हसो. परंतु जे त्यास ठाऊक नव्हते, ते त्याच्याकडून कोणी वदवून घेतले नाही.

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची घटमांडणीही अशाच हाताशी असलेल्या साहित्याची. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात अठरा धान्यांचे रिंगण मांडतात. मध्ये खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर पाण्याची घागर, घागरीवर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे दाणे कोठे सरकले, ढेकळे किती भिजली हे पाहून पाऊस, पिके, फार काय, राजाचे भवितव्यही सांगतात. चंद्रभान महाराज वाघ यांनी घालून दिलेली ही परंपरा साडेतीनशे वर्षांची मानली जाते.

सुशिक्षित वाचक येथे स्मित करतील. पण तेथे जमणारा कोरडवाहू शेतकरी कौतुकासाठी येत नाही. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली, तर कर्जाने आणलेले बियाणे मातीत जळते व दुबार पेरणी नशिबी येते. त्याचा प्रश्न खरा आहे. ढेकूळही खोटे बोलत नाही. रात्री आपणांस ओल किती लागली, एवढे ते इमानाने सांगते. त्याच्या तोंडी चार महिन्यांची साक्ष घालतो तो मनुष्य.

हा दोष केवळ खेड्यातलाच, असे मात्र कोणी समजू नये. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी सोडलेला आपला इन्सॅट-३डीएस सुमारे ३६,००० किलोमीटरांवरून ढगांचे माथे पाहतो. अमक्या वावरात पाऊस पडेलच, असे तो म्हणत नाही. त्याचे चित्र दाखवून तारीखवार पावसाची हमी देणारा सुशिक्षितही तेच पाप करतो. शास्त्राचा मोठेपणा यंत्राच्या किमतीत नाही. वर्तविलेले आणि घडलेले यांचा ताळा घेऊन, आपण कितपत चुकतो हे उघड सांगण्यात तो आहे.

ज्याच्या शब्दावर दुसरा आपले बियाणे मातीत टाकतो, त्याने आपल्या ज्ञानाची मर्यादा त्यास पेरणीपूर्वी सांगितली पाहिजे. एवढे केले, तर जुन्या कपड्यांनी भरलेला पोशाखही विश्वासू साक्षीदार ठरतो. न केले, तर बहुमोल उपग्रहही नाही.