शाकुंतलातल्या कोळ्याची बोली

खान्देशातल्या एखाद्या कॉलेजकन्येनं ग्रीक शोकांतिका किंवा शेक्सपिअर शिकायला लंडनला जायचं काढलं, की घरात पहिला विषय पैशाचा निघतो. तो रास्तच आहे. केळी-कापसावर चालणाऱ्या घराला तिथली फी झेपत नाही. परदेशी शिक्षणासाठीच्या सरकारी शिष्यवृत्त्या बहुतेक करून विद्यापीठांची जागतिक क्रमवारी बघून देतात, आणि 1904 साली लंडनमध्ये निघालेल्या ‘राडा’सारख्या स्वतंत्र नाट्यशाळा त्या क्रमवारीत बसत नाहीत. इंजिनियरला मोकळी असलेली वाट नटाला बंद का, हे सरकारला विचारलंच पाहिजे. इनलॅक्स, चार्ल्स वॉलेस अशा मोजक्या संस्था कलावंतांना हात देतात, त्यांच्या भरवशावर किती जण जाणार?

पण घरात कुणी न विचारलेला एक प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. जाताना या मुलीनं आपली बोली सोबत न्यायची, की धुळ्याच्या स्टँडवरच उतरवून ठेवायची?

आपल्याकडे एकांकिकेची तालीम चालते कशी, ते पाहा. शिंदखेडा तालुक्यातला एखादा पोरगा उभा असतो. अंगात पाणी आहे, आवाज खणखणीत आहे. तो ‘पानी’ म्हणतो, दिग्दर्शक थांबवतो, ‘पाणी’ म्हण. तो ‘केयी’ म्हणतो, पुन्हा थांबवतात, ‘केळी’ म्हण. चौथ्या-पाचव्या वेळी तो ‘ळ’ बरोबर उच्चारतो, पण तोवर त्याचे हात शरीराला चिकटलेले असतात आणि नजर जमिनीकडे गेलेली असते. पुढे त्याच्या वाट्याला गडी, चहावाला, नाहीतर हसवणारा मामा येतो. तिथं मात्र त्याची अहिराणी बोली चालते. राजा व्हायचं तर प्रमाण मराठी हवी, हे त्याच्या मनावर कायमचं ठसतं. स्पर्धेचे परीक्षक, दिग्दर्शक, पालक, सगळे भल्यासाठीच हे करतात, म्हणून तर त्याला विरोध करणं अवघड जातं.

आता ज्याला आपण अभिजात म्हणतो ते नाटक उघडून बघू. कालिदासाच्या शाकुंतलात सहाव्या अंकात अंगठी सापडलेला कोळी येतो, तो मागधी बोलतो. शकुंतला आणि तिच्या सख्या शौरसेनीत बोलतात. ‘मृच्छकटिका’त तर प्राकृतांची जत्राच भरलेली आहे. कुणी कोणत्या भाषेत बोलावं याचे नियम नाट्यशास्त्र बारकाईनं देतं. त्या नियमांत उतरंड आहे, राजाला संस्कृत आणि कोळ्याला मागधी, आणि ती उतरंड मला मान्य नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे: हे नाटक एका घोटीव भाषेत कधी बोललंच नाही. आपण सारी पात्रं एकाच मराठीत बोलवतो आणि त्यालाच शुद्ध अभिजात म्हणतो, तेव्हा मूळ नाटकाचा अर्धा आवाज बंद करतो.

परदेशी जाण्याचं माझ्या मते खरं कारण इथं आहे. इंग्लंडातही शेक्सपिअर बराच काळ उच्चभ्रू लंडनी उच्चारांत अडकून पडला होता. 1992 साली बॅरी रटर या नटानं ‘नॉर्दर्न ब्रॉडसाइड्स’ ही मंडळी काढली आणि यॉर्कशरच्या बोलीच्या उच्चारांत शेक्सपिअरचे राजेराण्या उभे केले. गडी-विदूषकच नव्हे, राजेसुद्धा! हे धाडस टिकलं ते पद्याच्या तालमीवर. एका श्वासात किती ओळ पेलायची, चरणाच्या शेवटी आवाज खाली पडू न देता पुढं कसा न्यायचा, हे तिथं रोजच्या रियाजात शिकवतात. आपल्याकडे नाट्यशास्त्र संस्कृतच्या पेपरात दहा मार्कांना येतं, अंगात उतरत नाही.

पुण्यात जन्मलेल्या इब्राहिम अल्काझींनी ‘राडा’त शिकून हीच शिस्त आणली. परतल्यावर त्यांनी लंडनची नक्कल केली नाही. 1963 साली दिल्लीत फिरोजशहा कोटल्याच्या पडक्या भिंतींत धर्मवीर भारतींचं ‘अंधायुग’ उभं केलं, महाभारताच्या अखेरचं, हिंदीतलं. विजया मेहतांनी उलटी वाट चोखाळली, जर्मन नटांना घेऊन ‘शाकुंतल’ आणि ‘मुद्राराक्षस’ बसवलं. दोघांनीही हत्यार एकीकडचं आणि माती दुसरीकडची घेतली.

खान्देशाकडे अशी माती भरपूर आहे. साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात भोवाडा होतो. रात्रभर सांबळ आणि पिपाणी वाजते, एकेक सोंग येतं. मुखवटा चढला की सोंग घेणाऱ्याचा चेहरा नाहीसा होतो, डोळे फिरवून किंवा भुवया उडवून काही सांगता येत नाही. म्हणून तो दोन पावलं पुढं येतो, दोन मागं जातो, आणि मान वळवायची तर खांद्यापासून सारं अंग वळवतो. लांब बसलेल्या म्हातारीलाही देवीचा राग कळतो. प्राचीन ग्रीक नटही मुखवटा लावूनच उभा राहायचा. एपिडॉरसच्या रंगमंडलात हजारो माणसं बसत, तिथं चेहऱ्यावरचा अभिनय पोचणारच नव्हता. युरोपातल्या नाट्यशाळांत मुखवट्याचे वर्ग असतात. भोवाडा लहानपणी पाहिलेल्या मुलाला त्या वर्गात बसताना परकं वाटायचं कारण नाही. वाटतं ते केवळ आपण त्याला भोवाडा हा नाटकाचा भाग आहे असं कधी सांगितलं नाही म्हणून.

जळगावचं नाव तर शाकुंतलाशी थेट जोडलेलं आहे. लहानग्या नारायण राजहंसाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, गाण्याचे धडे याच गावात मेहबूबखाँकडून मिळाले, आणि 1905 साली मिरजेला किर्लोस्कर मंडळीत तो शकुंतला होऊन उभा राहिला. बालगंधर्वांच्या नावाचं खुलं नाट्यगृह गावात आहे. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ जुने कागद जपतं, इतिहासाचार्यांच्या मागं 1927पासून. कागद जपायची निष्ठा खान्देशाला ठाऊक आहे. आवाज जपायला मात्र कपाट पुरत नाही, त्याला माणसं लागतात आणि ती रोज बोलती ठेवावी लागतात.

म्हणून त्या मुलीला मी जा असंच सांगेन. मात्र परत येताना काय करायचं ते आधी ठरवून जा. सोफोक्लीजचा ‘ईडिपस’ पुलंनी मराठीत आणला, 1979 साली. त्यातला कोरस हा रोगराईनं गांजलेल्या थीब्ज शहरातल्या वृद्धांचा आहे. सोफोक्लीजच्या काळात कोरसात पंधरा जण असत. गावोगावच्या वहीगायनाच्या मंडळांत एका सुरात कथा उचलणारी माणसं आजही आहेत. त्यांतले पंधरा जण घे, कोरस अहिराणीत कर, आणि ईडिपसही अहिराणीतच बोलू दे. शेवटचा आग्रह सोडू नकोस, कारण राजानं प्रमाण भाषेत आणि गावानं बोलीत बोलायचं ठरवलं तर आपण कालिदासाच्याच उतरंडीवर येऊन थांबू. पंधरा गळ्यांचा एक श्वास कसा करायचा, ओळ कुठं तोडायची, शब्द बुडू न देता सूर कसा चढवायचा, हे तिथं मन लावून शीक. आणि जळगावात पहिली तालीम लावशील, तेव्हा ‘पानी’ म्हणणाऱ्या पोराला मधे थांबवू नकोस.