एकाच गटाचे दोन हिस्से

अंजनगाव सुर्जीत संगणक दुरुस्तीला नेला की दुकानातला पोरगा विचारतो, "भाऊ, पार्टिशन किती पाडू?" आपलं उत्तर ठरलेलं: "दोन पाड. फोटो डीमध्ये ठेवतो." मीही तेच केलं. मुलीच्या बारशाचे फोटो सीमध्ये, त्यांची प्रत डीमध्ये. एके दिवशी हार्ड डिस्क बसली आणि दोन्ही गेले. पडद्यावर शेजारीशेजारी दोन पेट्या दिसायच्या. त्या एकाच डिस्कच्या पोटात आहेत, हे त्या पडद्यानं कधी सांगितलंच नव्हतं.

आमच्याकडे वावराची वाटणी होते, दोन भावांच्या मधे धुरा पडतो, तरी गट क्रमांक तोच राहतो. सातबाऱ्यावर 45/1 आणि 45/2 वाचलं की जमीन मुळात एक, हे कुणालाही कळतं. पोटखराबाही तिथं लिहिलेला असतो. त्यात पेरता येत नाही, तरी तो हिशेबातून वगळत नाहीत.

सी, डी या अक्षरांत हा गट क्रमांकच हरवला आहे. ही पद्धत 1970च्या दशकातल्या सीपी/एम प्रणालीची. तिथं एक अक्षर म्हणजे एक फ्लॉपी ड्राइव्ह. 1983 साली आयबीएमच्या पीसी एक्सटीमध्ये 10 मेगाबाइटची हार्ड डिस्क आली. ए आणि बी फ्लॉपीकडे होती, म्हणून तिला सी मिळालं. तेव्हा सी म्हणजे अख्खी डिस्क. पुढं डिस्कचे तुकडे पडू लागले, तुकड्यातुकड्याला अक्षर मिळालं आणि डिस्कचं नाव मागं पडलं. लिनक्सनं ते जपलं: एसडीए1, एसडीए2. आधी डिस्क, मग हिस्सा, अगदी सातबाऱ्यासारखं. पण लिनक्सच्याही फायलींच्या खिडकीत बिननावाचा हिस्सा बऱ्याचदा नुसता '250 जीबी व्हॉल्यूम' म्हणून उभा असतो.

माझं मागणं साधं आहे. एका डिस्कचे सगळे हिस्से एकाच चौकटीत दाखवा. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट हे चित्र आजही काढतं: 'डिस्क 0'ची आडवी पट्टी आणि तिच्यात हिस्से. ते रोजच्या खिडकीत का नाही? बूटचा शंभरेक एमबीचा हिस्सा, रिकव्हरीचा हिस्सा सहज उघडता येऊ नयेत, हे बरोबर. पोटखराब्यासारखे ते हिशेबात मात्र दिसावेत.

आणि एक गोष्ट तातडीनं थांबावी. लिनक्सचा हिस्सा वाचता आला नाही की विंडोज कधीकधी तो फॉरमॅट करायला सुचवतं. दुसऱ्याचं उभं पीक ओळखता आलं नाही, म्हणून त्यावर नांगर फिरवायचा का? 'हा हिस्सा मला वाचता येत नाही' एवढं लिहावं आणि थांबावं.

तोवर एक करा. आज घरी डिस्क मॅनेजमेंट उघडा. सी आणि डी एकाच पट्टीत दिसले, तर फोटोंची एक प्रत आजच बाहेरच्या डिस्कवर काढून ठेवा.